शेवटच्या कपाची किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. पण 'जुनी' म्हटल्याबरोबर भंगारवाल्याला हाक मारू नका. माझ्या अंगचं तांबं अस्सल आहे. माझ्या पोटात एका वेळी मावणारा चहा तुमच्या घरच्या नाजूक भांड्यांना आठवडाभर पुरेल. माझी चोच आजही सरळ आहे आणि एक थेंब इकडेतिकडे सांडत नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. खरं असेल ते सांगायला लाजायचं कशाला?

मला एका तांबटाने घडवलं. आधी मी नुसता सपाट पत्रा होते. त्याने मला भट्टीत लाल केलं, ठोकलं, पुन्हा लाल केलं, पुन्हा ठोकलं. मग डाग देऊन चोच जोडली, वर जाड पितळी कडी बसवली आणि आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथलाचा पांढराशुभ्र मुलामा. तो नसला तर तांब्यात ठेवलेलं कळकतं आणि पिणाऱ्याचं पोट बिघडतं. सगळं झाल्यावर तांबटाच्या बायकोने माझ्यात पाणी भरून ओतून पाहिलं. धार बरोबर पेल्याच्या मधोमध पडली. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, हिचं तोंड अगदी सासूबाईंसारखं झालंय. सुटलं की नेमकं जागेवर लागतं."

तेव्हापासून मला माझ्या तोंडाचा अभिमान आहे.

मला विकत घेतलं ते चर्चच्या महिला मंडळाने. चर्चला लागून एक लांबट सभागृह होतं. एका टोकाला बाकं आणि टेबलं, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, मधे निळा पडदा. रविवारची उपासना संपली की सगळी मंडळी सभागृहात यायची आणि मी पडद्यातून बाहेर पडायचे. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! पाळक बोलत तेव्हा डुलक्या घेणारी माणसंसुद्धा मला पाहून ताठ बसायची. लग्नात मी ओतलं, बारशात ओतलं, अंत्यविधीहून परतलेल्यांनाही ओतलं. कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा परगावी निघाला, कोण कोणाशी बोलत नाही, हे मला पाळकांच्या आधी कळायचं. पण मी चहाडखोर नाही. माझ्या तोंडातून फक्त चहा बाहेर पडला.

मला उचलण्याचा मान एकीचाच होता. तिला सगळे मावशी म्हणत, आणि पाठ वळली की फौजदारमावशी. ठेंगणी, रुंद, पदर खोचलेला, त्यावर एप्रन. शाळेत ती फारशी टिकली नव्हती, पण कोणाच्या कपात किती साखर हे तिच्या डोक्यात पक्कं. बोलायला लागली की समोरच्याने छत्री उघडावी. आम्हा दोघींचं पटायचं त्याचं कारण हेच. आम्ही दोघीही तापायला वेळ घेत नव्हतो आणि गार पडलेलं आम्हाला खपत नव्हतं.

मावशीचा एक नियम होता. ज्याच्या अंगावर एप्रन, त्याने शेवटी प्यायचं. पाहुण्यांचा शेवटचा कप रिकामा झाला, कप विसळून पालथे घातले, की मगच. आणि तेही पडद्यामागे. पाहुण्यांसमोर घोट घ्यायचा नाही. हा नियम तिला तिच्या सासूने शिकवला होता आणि आता तिची सून तोच पाळत होती. सून नर्स होती. दवाखान्यात डॉक्टरांनाही सरळ करायची, पण सभागृहात मात्र एप्रन बांधून शेवटच्या कपाची वाट पाहत उभी राहायची.

एकदा नळदुरुस्तीवाल्याने, म्हणजे आमच्या मंडळीतल्या प्लंबरने, बाकं लावता लावता आधीच एक कप उचलला. मावशीने त्याला तिथेच पकडलं.

"काय रे, पोटात विहीर खणलीयस का?"

"मावशी, घसा कोरडा पडला होता."

"मग नळ जोड ना स्वतःला! एप्रन घातलंय ते मिरवायला? ठेव तो कप."

बिचाऱ्याने भरलेला कप पुढच्या म्हाताऱ्याला दिला. पुढे तो मावशीचा सगळ्यात पक्का शिष्य झाला.

मग सभागृहात विजेवर चालणारं चहाचं यंत्र आलं. चकचकीत, पुढे तोटी, वर लाल दिवा. तोटी दाबली की चहा. ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला नको त्याने जावं. कोणाला कसा लागतो हे विचारायचं कारणच उरलं नाही. मला कपाटावर ठेवून दिलं, फाटक्या गीतपुस्तकांच्या आणि एका लंगड्या खुर्चीच्या शेजारी. माझं तांबं काळवंडलं, चोचीत कोळ्याने घर केलं. रविवारी खालून कपांचा आवाज आला की माझ्या पोटात नुसतं घुमायचं. मावशी अधूनमधून वर बघायची आणि यंत्राकडे पाहून म्हणायची, "मेलं नुसतं थुंकतं, ओतत नाही." तेवढ्यावर मी दिवस काढले.

एका रविवारी पाळकांनी बातमी सांगितली. समुद्रापलीकडच्या एका देशात नदीने गाव धुऊन नेलं होतं. माणसं वाचली होती, पण घरं गेली होती, विहिरी गाळाने भरल्या होत्या, आणि टेकडीवरच्या शाळेत सगळं गाव दाटीवाटीने राहत होतं. तिथल्या लहानशा मंडळीने मदतीचा हात मागितला होता.

"आपले शेजारी अडचणीत आहेत," पाळक म्हणाले.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "समुद्रापलीकडचे शेजारी कसे?"

मावशीने मान वळवली. "तुझ्या भिंतीपलीकडच्याशी तरी तू कधी बोललास? चल, शेजारी कोण ते नंतर ठरव. आधी खिशात हात घाल."

जायला तयार झाले ते पाळक, प्लंबर आणि मावशीची सून. गावाला आधी हवं होतं ते स्वच्छ पाणी. प्लंबर गाळणीची टाकी बसवणार होता आणि सून आजाऱ्यांकडे बघणार होती. मावशीला कोणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःच स्वतःला विचारलं आणि लगेच होकारही दिला.

"आई, तिथे वीज नाही, पलंग नाही, तुमचे गुडघे..." सून म्हणाली.

"गुडघे माझे आहेत, मी त्यांना समजावीन. आणि वीज नाही म्हणतेस? मग ते थुंकणारं यंत्र तिथे काय दिवे लावणार आहे?"

एवढं बोलून तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि मला खाली घेतलं. कोळ्याला हाकललं. चिंच लावून मला असं घासलं की मला माझंच तोंड ओळखू येईना. कल्हईवाल्याकडे नेऊन आतून पांढरंशुभ्र करून घेतलं. मित्रांनो, वर्षानुवर्षं अंधारात बसल्यावर कोणी तुम्हाला असं उन्हात धरून बघितलं तर कसं वाटेल? मी तर सगळ्या रस्ताभर चकाकत गेले.

विमानतळावर गणवेशातल्या माणसाने मला टेबलावर ठेवलं.

"यात काय आहे?"

"सध्या मोजे आणि बँडेज. एरवी चहा."

"एवढी मोठी किटली कशाला, बाई? तिकडे किटल्या मिळत नाहीत का?"

"तिकडे मावश्याही मिळत असतील. म्हणून काय मी जाऊ नको?"

तो हसला आणि आम्हाला सोडलं.

ते गाव मी कधी विसरणार नाही. खाली उतारावर सगळीकडे चिखल होता. चिखलातून दारांच्या चौकटी तेवढ्या वर आलेल्या, त्यांच्यामागे घरच नाही. वर टेकडीवर शाळा. वर्गात बाकं भिंतीला सरकवून त्यांवर माणसं झोपलेली, फळ्याच्या खिळ्यांना ओले कपडे वाळत घातलेले. कोपऱ्यात कोणी कोंबडी वाचवून आणली होती, तिच्यासाठी टेबलाचा अख्खा खण. तिथे आमची भाषा जाणणारी एकच होती, शाळेची मास्तरीणबाई. शिक्षणासाठी ती काही वर्षं आमच्या देशात राहिली होती. तिला संकोच फार. पाय वाजू न देता चालायची.

प्लंबरने टाकी जोडली. गढूळ पाणी वरून घालायचं, खालून स्वच्छ निघायचं. सून ते माझ्यात उकळायला लावायची. तीन दगडांची चूल, ओली लाकडं, डोळ्यांत धूर. पाणी निवलं की मावशी एप्रन बांधून मला उचलायची आणि वर्गावर्गातून फिरायची. माणसं कप पुढे करायची, मान लववायची, हसायची. मी माझ्या जुन्या ऐटीत धार धरायचे.

आणि मग मी पाहिलं. आम्ही पुढच्या वर्गाकडे वळलो की मागे खिडकीतून पाणी बाहेर जायचं. एकाच्या कपातून, दुसऱ्याच्या कपातून. शाळेच्या भिंतीलगत बाहेर ओलं डबकं झालं. माणसं खाली उतरायची आणि त्याच गाळाच्या विहिरीतून पाणी काढून प्यायची.

अपमान म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, माझीच कल्हई उडाली असेल. मावशीला वाटलं, पाण्याला धुराचा वास येतोय. तिने लाकडं बदलली. सुनेला वाटलं, गाळणीतल्या औषधाचा वास येतोय. प्लंबरने टाकी पुन्हा धुतली. पाळकांनी प्रार्थना केली. पाणी खिडकीतून जातच राहिलं आणि पोरं आजारी पडतच राहिली. सकाळी खेळणारं मूल दुपारी पोट धरून पडायचं. सुनेच्या औषधांची पेटी रिकामी होत चालली.

"आई, यांनी हे पाणी प्यायलं नाही तर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "एखादं लेकरू हातचं जाईल."

मावशीने एप्रनला हात पुसले आणि मला पुन्हा चुलीवर चढवलं. 

कोपऱ्यातल्या वर्गात एक आजी होती. उंच, वाळकी, कमरेला चाव्यांचा जुडगा. घर वाहून गेलं तरी चाव्या तिने सोडल्या नव्हत्या. गावात तिचा शब्द चालतो हे बघताक्षणी कळायचं, कारण ती कोणाशी न बोलता सगळ्यांना हलवत होती. मावशी आणि ती एकमेकींकडे अशा बघायच्या की मधे ठेवलेलं दूध फाटेल. त्या आजीची नात आजारी पडली. दोन वेण्या घातलेली, सदा उड्या मारणारी पोर, आता आजीच्या मांडीवर मलूल पडली होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

सून धावत आली. तिने माझ्यातलं पाणी कपात घेतलं, मीठ-साखर ढवळली आणि पोरीच्या ओठांशी नेलं.

आजीने आपला तळहात पोरीच्या तोंडावर घट्ट दाबला.

सुनेने हात जोडले. आजीने मान हलवली. सुनेचे डोळे भरून आले. "हिला सांगा हो," ती मास्तरीणबाईंना म्हणाली, "पाणी पोटात गेलं नाही तर पोरगी..." 

मास्तरीणबाई आजीशी बोलली. आजी एकच वाक्य बोलली. मास्तरीणबाई खाली बघत उभी राहिली.

"काय म्हणाली? अहो, बोला ना!" मावशी गरजली.

"ती म्हणते..." मास्तरीणबाई चाचरली. "ती म्हणते, हे पाणी चांगलं आहे तर तुम्ही लोक का पीत नाही? तुम्ही आल्यापासून तुमच्यापैकी कोणालाही एक घोट घेताना कोणी पाहिलं नाही. तुम्ही आम्हाला ओतता आणि पडद्यामागे जाता. सगळं गाव हेच म्हणतंय. मलाही हे ठाऊक होतं, पण इतक्या लांबून आलेल्या माणसांना असं विचारायचं कसं, म्हणून मी गप्प होते."

मित्रांनो, माझी कडी खळ्ळकन वाजली. इथेही मावशीने आल्याआल्या निळी चादर टांगून पडदा केला होता. इथेही आमचे लोक शेवटचा कप विसळून झाल्यावर पडद्यामागे पीत होते. ज्या नियमाचा आम्हाला एवढा तोरा, तोच त्या गावाच्या आणि पाण्याच्या मधे उभा होता.

मावशीचा चेहरा लाल झाला. "आम्ही? पाहुण्यांच्या आधी? अहो, आमच्यात शोभत नाही ते! पाहुणे आधी, हे सांगा तिला."

मास्तरीणबाईने सांगितलं. आजीने मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग भुवई उडवून काहीतरी म्हणाली. या वेळी मास्तरीणबाईच्या ओठांवर हसू आलं.

"ती म्हणते, पाहुणे कोण? गाव माझं, शाळा माझी, कोपरा माझा. पाहुणी तर तू आहेस."

  आयुष्यभर मावशी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली होती. दाराबाहेरून येणारी आपणही असू शकतो, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हातातली कडी ती सोडेना. 

पाळक हळूच म्हणाले, "मावशी, प्रभू स्वतः शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा त्यांतल्या एका मासे धरणाऱ्या शिष्यानेही आधी पाय मागे घेतले होते."

"मला शास्त्र नका शिकवू," मावशी फणकारली. पण तिची पकड सैल झाली.

आजीने पोरीला सुनेच्या मांडीवर दिलं आणि उठून सरळ माझ्या कडीला हात घातला. मावशीशिवाय कोणाचाही हात मी खपवून घेतला नव्हता. पण त्या हाताला घट्टे होते. उचलण्यातही एक सवय होती. तोल न जाऊ देता, दुसरा हात झाकणावर. मला लगेच समजलं, हिनेही कुठेतरी वर्षानुवर्षं ओतलं आहे. आजीने कप भरला आणि मावशीपुढे धरला.

 खिडक्यांतून माणसं डोकावत होती. मावशीने एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी कप घेतला आणि सगळ्यांच्या देखत प्यायली. घटाघट. मग कप पालथा करून दाखवला. एक थेंब नाही.

"थोडा धुराचा वास येतोय," ती म्हणाली. "पण गोड आहे."

मास्तरीणबाईने ते गावाला सांगितलं आणि गाव हसलं. आजीने सुनेला दिलं, पाळकांना दिलं. प्लंबर तर एकामागून एक कप रिचवत गेला आणि शेवटी असा ढेकर दिला की खणातली कोंबडी फडफडली. मग आजीने मीठ-साखरेचा तो कप पोरीच्या ओठांना लावला. पोरीने एक घोट घेतला. थांबली. आणखी एक घेतला. तोपर्यंत वर्गातली सगळी माणसं कप घेऊन पुढे आली होती. आजीने एकेकाला ओतलं. सगळ्यांचं झाल्यावर माझ्या तळाशी जेमतेम कपभर उरलं, तेव्हा कुठे ती कोपऱ्यात वळली, आमच्याकडे पाठ केली आणि गुपचूप आपला कप प्यायली.

मावशीने ते पाहिलं. सुनेच्या दंडाला चिमटा काढून ती कुजबुजली, "अगं, बघ! हिचीही सासू माझ्या सासूसारखीच दिसतेय!"

माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात ना? संध्याकाळी ती पोर उठून बसली आणि आजीच्या चाव्या मागू लागली, तेव्हा अख्ख्या गावाचा जीव माझ्यात पडला. चांगला जड होता.

त्यानंतरचे दिवस काय वर्णावे! डबकं वाळलं. सकाळी चुलीशी रांग लागायची. आजी आणि मावशी माझ्या कडीवरून भांडायच्या, एक आपल्या भाषेत, दुसरी आपल्या भाषेत, आणि मास्तरीणबाईची कोणालाच गरज पडत नव्हती. शेवटी सकाळी एकीने आणि संध्याकाळी दुसरीने उचलायचं ठरलं. पाण्याबरोबर चहाही सुरू झाला. बायका विहिरीतला गाळ उपसायच्या आणि मधेच येऊन कप पुढे करायच्या. आमच्या लोकांनी निळ्या चादरीचा पडदा काढून ती चादर त्या पोरीला पांघरायला दिली. संध्याकाळची प्रार्थना दोन भाषांत व्हायची. आमेनला सगळ्यांचा सूर एक व्हायचा, फक्त प्लंबरचा सोडून. त्याचा कधीच होत नाही.

निघायच्या दिवशी सामान बांधलं. मोजे आणि बँडेज संपलेले, मी रिकामी. सुनेने मला पिशवीत घालायला उचललं.

"ठेव तिला," मावशी म्हणाली.

"आई, तुमची किटली..."

"किटली यजमानाकडे असते, पाहुण्याकडे नाही. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

तिने मला स्वतः आजीच्या हातात दिलं. माझ्या पोटावरून एकदा हात फिरवला आणि तळाशी लागलेली काजळी पदराने पुसली. मग आजीला दरडावून म्हणाली, "वर्षाला कल्हई करायची. विसरायचं नाही. आणि कपाटावर ठेवलीस तर मी येईन!" आजी तिला काहीतरी तेवढ्याच जोरात बोलली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी मधे चेंगरले. माझ्या डाव्या अंगाला आहे ना तो पोचा, तो तेव्हाचा. तो मी कोणाला काढू देत नाही.

मी अजून इथेच आहे, मित्रांनो. घरं पुन्हा उभी राहिली. आजीच्या चाव्यांना कुलपं मिळाली. पुढच्या वर्षी प्लंबर टाकी बघायला आला, तेव्हा त्याने तिकडची हकिकत सांगितली आणि मास्तरीणबाईने ती आजीला समजावली. आमच्या सभागृहातलं यंत्र बिघडलं, आणि महिला मंडळाने नवी किटली आणली. दर रविवारी सून ओतते. मावशीला खुर्चीत बसवतात आणि पहिला कप तिला देतात. ती सगळ्यांसमोर पिते आणि दर रविवारी न चुकता म्हणते, "पाणचट झालाय."

आजी हे ऐकून इतकी हसली की तिने मला खाली ठेवलं.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कपाटावर एखादं जुनं भांडं असेल तर त्याला खाली काढा, घासा, कल्हई करा आणि कामाला लावा. रिकामं बसून आम्हाला म्हातारपण येतं, राबून नाही. आणि दूरच्या शेजाऱ्याला पाणी द्यायला जाल तेव्हा भरभरून द्या. पण त्याने आपल्या हाताने कप पुढे केला तर हात मागे घेऊ नका. बसा, दोन्ही हातांनी घ्या आणि त्याच्यासमोर प्या. घ्यायला जमलं नाही तर दिलेलं पोचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बरं, आता पुरे. चूल पेटली, चाव्या वाजल्या. आजी आली. मागून ती दोन वेण्यांची पोर येतेय, आता तिचाही हात माझ्या कडीला पुरतो. आज बाहेरगावचे पाहुणे आले आहेत म्हणे. मला तापायला हवं.